कॉर्कवरचा तुकडा

मोठ्या डॉक्टरांना धाकट्याचं कौतुक मुळीच ऐकवत नसे. सख्खा भाऊ, पण म्हणून काय झालं? तीस वर्षं यांनी पोटाला चार-पाच भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत कॅन्सरची जठरं कापली. आणि आता हा पठ्ठ्या तोंडातून नळी घालतो, सुरुवातीचा रोग आतल्या आत सोलून काढतो आणि हात झटकून मोकळा! ना भोक, ना टाका.

दवाखान्याच्या शिवणबाईला जठराचा कॅन्सर निघाला, तेव्हा ती मात्र मोठ्यांकडेच आली. ऑपरेशनचे हिरवे झगे तीच शिवायची. "कापायचं तर तुमच्याच हातून," असं तिनं म्हटल्यावर स्वारी खूश. डॉक्टरांच्या मंगळवारच्या बैठकीत त्यांनी ठासून सांगितलं, "दोन-तृतीयांश जठर आणि आजूबाजूच्या गाठी काढून टाकू. मागे कटकट नको."

धाकट्यानं तपासणीचं चित्र पडद्यावर लावलं. "दादा, जेमतेम दीड सेंटीमीटर आहे, तेही वरच्या थरात. एवढ्यासाठी बाईंना जन्मभर चिमणीएवढं खायला लावायचं? माझ्याकडून रोग राहिला, तर तू आहेसच. पण तू एकदा कापलेलं जठर मला परत लावता येणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर विचारल्यावर शिवणबाईसुद्धा "जठर राहत असेल तर बरंच की" म्हणाली. मोठ्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

धाकट्यानं तुकडा अख्खा काढला, कॉर्कच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवला आणि प्रयोगशाळेत पाठवला. कडा स्वच्छ निघाल्या आणि रोग खोल गेलेला नसला, तर बाई सुटली. नाहीतर पुन्हा टेबलावर, तेही मोठ्यांच्या.

दुसऱ्या दिवशी मोठे प्रयोगशाळेत हजर. "सहज आलो होतो." तिसऱ्या दिवशी सकाळी सहज, दुपारीही सहज. तपासणाऱ्या मॅडम वैतागल्या, पण ज्येष्ठ माणसाला बोलणार कोण?

पाचव्या दिवशी काचपट्ट्या तयार झाल्या. मोठ्यांनी मॅडमच्या आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तुकड्याची कड एका जागी फाटलेली, चिरडलेली दिसत होती. "इथं बघा! कड साफ नाही. अर्धवट काढलंय त्यानं!" आवाजात असा आनंद, की जणू त्यांना नातू झाला.

मॅडमनी शांतपणे पाहिलं. "सर, ते टाचणीचं भोक आहे. रोग वरच्या थरातच आहे आणि कडा चारी बाजूंनी स्वच्छ आहेत."

एका बाईच्या पोटात कॅन्सर उरलाय म्हणून आपण खूश झालो होतो, हे मोठ्यांना स्वतःशीही नाकारता येईना. आणि त्याहून वाईट म्हणजे आता मनात सुटकेऐवजी निराशाच होती.

आठवड्याभरानं शिवणबाईनं त्यांना जिन्यात गाठलं. तिचे डोळे भरून आले होते. "धाकट्या साहेबांनी रोग काढला, त्यांचे उपकार आहेतच. पण लॅबच्या मॅडम सांगत होत्या, माझ्या रिपोर्टसाठी तुम्ही रोज चकरा मारत होतात. पाठच्या भावानं केली नसती हो एवढी काळजी!"

"छे छे, काळजी कसली," मोठे पुटपुटले.

ते अगदी खरं होतं. शिवणबाईला मात्र तो त्यांचा मोठेपणाच वाटला, आणि तिनं पुन्हा एकदा हात जोडले.