नेहमीचं ठिकाण

त्याने आईचा फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. सकाळीच त्यात आपल्या अ‍ॅपची नवी आवृत्ती टाकली होती, बोलणारी. ताईच्या फोनमध्ये आठवड्यापूर्वीच टाकून झाली होती. घरची माणसं म्हणजे फुकटची चाचणी.

अडीचला फोन बोलला.

"आज गुरुवार. नेहमीच्या ठिकाणी निघायचं का? बावीस मिनिटं लागतील."

आईचा घास हातातच राहिला.

"कुठलं गं नेहमीचं ठिकाण?" ताईने विचारलं. "तू तर म्हणतेस, गुडघ्यांमुळे कुठे जात नाही."

"मला काय माहीत? याचं यंत्र, यालाच विचार."

त्याने फोन उचलला. खाली पत्ता होता. हा पत्ता त्याने एकदाच वाचला होता, नऊ वर्षांपूर्वी, वकिलाने पाठवलेल्या कागदांवर, बाबांच्या नावाखाली. त्या दिवशी ताई म्हणाली होती, "त्यांच्या दारात जो जाईल, त्याचा माझा संबंध संपला." ताई बोलली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मामा एकदा जाऊन आला, त्याच्याशी ती अजून बोलत नव्हती.

"दाखव बघू," ताईने हात पुढे केला.

दोन वर्षं तो एवढ्यासाठीच राबत होता. माणूस कधी कुठे जातं, ते न विचारता ओळखायचं. कालच त्याने साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, अंदाज चुकत नाही.

"चुकलंय," तो म्हणाला आणि स्क्रीन बंद केली. "भलताच पत्ता उचललाय."

"वाटलंच! आणि हे जगाला वाट दाखवणार."

"दाखवेल हळूहळू. तू जेव."

ताई हात धुवायला गेली. आई ताटं गोळा करत होती. त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाली, "बंद कर ते."

"सगळंच?"

"आवाज रे. आठवण राहू दे, नुसती थरथरणारी. दुपारी माझा डोळा लागतो, मग त्यांच्या गोळ्यांची वेळ चुकते."

त्याने आवाज बंद केला. आईने टेबल पुसलं, मग पुसलेलंच पुन्हा पुसलं.

ताई निघाली तेव्हा तो दारापर्यंत गेला. तिने चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरली, परत वर आली. पर्समधून स्वतःचा फोन काढून त्याच्यापुढे धरला.

"माझ्यातही चुकतंय तुझं ते. त्याचं बोलणं बंद कर."

त्याने सेटिंग उघडलं. वर वार दिसला, सोमवार. खाली तोच पत्ता. त्यावर त्याने अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताने आवाज बंद केला.

"आठवण ठेवू?"

ताई वाकून चपलेचा पट्टा लावू लागली. पट्टा लागलेलाच होता.

"ठेव," ती म्हणाली.