तेच ते उत्तर

समिधाने कीबोर्ड दाणकन पुढे ढकलला. कुरिअर कंपनीसाठी बनवत असलेल्या वेबपानावर चाचणीचं पार्सल अजून 'वाटेत'च होतं. प्रत्यक्षात ते कधीच ऑफिसात पोचलं होतं आणि सहकारी दिपेश शेजारी बसून त्यातलाच चिवडा खात होता.

"तुझी फाइल बोगस आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी क्लायंट येतोय. काढून टाकतो."

"हात लावून तर बघ!"

पान पुन्हा न उघडता सर्व्हरला काही विचारायचं, तर प्रत्येक ब्राउझरचे नखरे निराळे. ते सगळे तिने एका छोट्या जावास्क्रिप्ट फाइलीत कोंबले होते. बाकीच्यांनी एक ओळ लिहायची, की उत्तर हजर. असल्या कामापायी तिने बँकेची नोकरी सोडली होती, आणि बाबांनी तिच्याशी बोलणं.

तिने गावी, मुर्ध्याला, घरी फोन लावला. रोज दुपारी लावायची. बाबांचा एक शब्द ऐकायला जीव नुसता आसुसला होता.

"आये, बाबांना विचार ना, अजून रागात आहेत का?"

"हायेत गो," आई लगेच म्हणाली.

"विचारलंस तरी का?"

"त्यात काय इचारायचं? रोजचंच हाय."

समिधाने फोन आपटला. वैताग नुसता! इथे मशीन धड सांगत नाही, तिथे आई.

मग तिचा हात फोनवरच राहिला. न विचारताच दिलेलं उत्तर! तिने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. पार्सलची चौकशी तिथे एकदाच पोचली होती, सकाळी. त्यानंतर प्रश्न तोच आहे म्हटल्यावर हा आळशी ब्राउझर तिथवर गेलाच नव्हता. जपून ठेवलेलं जुनं उत्तर पुढे करत होता.

तिने फाइलीत एक ओळ वाढवली. प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला आता त्या क्षणाची वेळ लागणार होती, म्हणजे कुठलाच प्रश्न जुना वाटणार नव्हता. पडद्यावर 'पोचलं' असं उमटलं. दिपेशने चिवड्याची पिशवी तिच्याकडे सरकवली.

तिने पुन्हा घरी फोन लावला.

"आये, बाबांना विचार, आपल्या होडीला यंदा कुठला रंग देणार?"



"मना काय ठाव? थांब, इचारते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आतून बाबांचा खोकला ऐकू आला, आणि मग, "कोण इचारतंय?"

आई काय म्हणाली ते कळलं नाही. समिधाने फोन कानाशी घट्ट धरला. बऱ्याच वेळाने पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"तूच सांग," बाबा म्हणाले. "कुठला देऊ?"