उजव्या हातावरची पोर

दगजामावशीचं नाव मीच सुचवलं होतं, हे आधी सांगते. महिला संघटनेची शाखाप्रमुख निवडायला वाळवंटातल्या आमच्या निर्वासित वस्तीतल्या पंचवीस जणी शाळेमागच्या मोठ्या तंबूत जमल्या, तेव्हा सगळ्यांत आधी मी उभी राहिले. म्हटलं, पुरुष लढाईवर असताना या छावणीच्या विटा जिनं थापल्या, तिनंच आपल्या वतीनं अधिवेशनात बोलायला हवं. ओरान शहरातल्या कॉलेजात चार वर्षं काढल्यावर एवढं बोलता येतंच. बायकांनी जीभ हलवत लांब ललकाऱ्या दिल्या.

"ही मास्तरीण बोलायला लागली की मलासुद्धा वाटतं, मी कुणीतरी आहे," मावशी म्हणाली आणि चहाचा दुसरा पेला तिनं माझ्याकडे सरकवला.

दुसरं नाव मैमुनाचं आलं. मग विभागावरून आलेल्या अध्यक्षबाईंनी काम समजावलं. प्रमुखाला रोज सकाळी कचेरीत हजर राहावं लागेल, आठवड्यातून दोनदा दुसऱ्या छावण्यांत जावं लागेल.

रोज सकाळी. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याचा अर्थ कानांनी ऐकल्यावरच उमगला. रोज सकाळी मी शाळेत शिकवते आणि माझी चौदा महिन्यांची सेनिया मावशीकडे असते. वाळू उडाली की सेनियाची छाती भरते, श्वास शिट्टीसारखा वाजतो. तिला कसं टेकवून बसवायचं, कधी दवाखान्याकडे पळायचं, हे मावशीसारखं कुणाला कळत नाही. नवरा सैन्यात, आई गेलेली. मी बसल्या बसल्या एकेका शेजारणीकडे बघून घेतलं. एकीच्याही हाती मी सेनियाला दिलं नसतं.

मत हात वर करून द्यायचं, तोही उजवा. मांडीवर पोरं असलेल्यांनी ती डाव्या हातावर घेतली. सेनिया माझ्या उजव्या हातावर झोपली होती. मी तिला हलवलं नाही.

मावशीला अकरा. मैमुनाला अकरा.

"या दोघी सोडून तेवीस आहात. एक हात कमी पडतोय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुणाचा?"

"तिचा हो!" मावशी माझ्याकडे बोट दाखवून हसली. "पोर निजलीय हातावर. नाव तिनंच घेतलंय ना माझं? धरा एक आणि मोकळ्या व्हा, चहा थंड होतोय."

"तिलाच बोलू दे."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मी सगळ्यांच्याच मुलांना शिकवते," मी म्हणाले. "मी तटस्थ राहते."

"तटस्थ म्हणजे?" मावशीनं शेजारणीला विचारलं.

"म्हणजे नाही," शेजारीण म्हणाली.

मतं सारखी पडली की जिला लिहितावाचता येतं तिला पद द्यायचं, हा आमच्या शाखेचा रिवाज. बैठकांचं टिपण मीच लिहिते, त्यामुळे तो मला पाठ होता. मैमुनाला लिहितावाचता येतं, मावशीला अक्षर येत नाही. तिनं उठून मैमुनाला मिठी मारली. पहिली ललकारी तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेनियाला घेऊन मी मावशीच्या तंबूच्या दाराशी उभी राहिले. आत जायला पाय उचलेना.

"आण इकडे," मावशी म्हणाली. तिनं सेनियाच्या छातीला कान लावला, ऐकलं, मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिच्यासाठीच ना?"

मी सेनियाचं दुपटं तिच्या हातात दिलं.

"वेडे, विचारायचंस तरी. लढाईच्या वर्षांत पाठीवर एक, कडेवर एक घेऊन बैठका चालवल्यात मी. हिला काय कचेरीच्या दाराबाहेर ठेवणार होते?"

सेनिया तिच्या खांद्यावर डोकं टेकून खुशाल पडली. शाळेला उशीर होतोय, असं म्हणून मी निघाले. उशीर होत नव्हता.