मोर्णेच्या पुलाचा तिसरा खांब

मोर्णेवरच्या रेल्वेच्या पुलाचा तिसरा खांब दोनदा खचला, तेव्हापासून अकोल्याच्या बायकांना दुसरा विषय उरला नाही. शेजारच्या जयवंताबाईने तर पाणवठ्यावर शपथेवर सांगितलं, की पहिलं लेकरू पुरल्याशिवाय गोऱ्या साहेबाचा खांब उभा राहत नाही. तिने साहेब जन्मात पाहिला नव्हता. पण तेवढ्यावरून अडेल तर ती जयवंताबाई कसली!

मनकर्णा तेव्हा हसली होती. तिचा नवरा खुशालराव पुलाला दगड वाहणाऱ्या गाड्यांचा मुकादम होता. तसं काही असतं तर त्यानेच सांगितलं असतं. पण आज सकाळी भाकर मोडता मोडता तो सहज बोलून गेला, की खांबाचा पाया पुन्हा भरायचा आहे, गवंडी कुमारिकेचा हात लावा म्हणतात, वच्छीला नवा परकर घालून ठेव, दुपारी न्यायला येतो. वच्छी चार वर्षांची, पहिली आणि एकुलती. मनकर्णाला जयवंताबाईची शपथ आठवली.

विहीर खणताना, नांगर धरताना लहान पोरीच्या हाताने हळदकुंकू लावायची रीत तिला ठाऊक होती. तिच्या लहानपणी तिनेही ते लावलं होतं. पण भीती एकदा घरात शिरली की शहाणपणाला ओसरीवरही जागा मिळत नाही. साहेबाने मुकादमाकडून काय कबूल करून घेतलं असेल, कोणी सांगावं?

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून कापसाचे भाव आभाळाला टेकले होते. ते आणखी चढतील म्हणून माजघर आढ्यापर्यंत कापसाने भरलेलं. दारात गाडी थांबली तशी मनकर्णाने ढिगात खड्डा करून पोरीला आत बसवलं, आवाज केलास तर साहेब नेईल म्हणून दटावलं आणि वर थोडा कापूस ओढला.

"पोरगी कुठी हाय?" खुशालरावाने विचारलं.

"आत्याकडे गेली."

"मी तिकडूनच येऊन राहिलो. काहून खोटं बोलतं?"

मग तिला राहवेना. ती रडत म्हणाली, "तिले खांबात घालाले नेता ना तुमी?"

खुशालराव उंबऱ्यावर बसला. पोटच्या पोरीला पुरेन असं तुला वाटलंच कसं, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. ती पदराने तोंड दाबून रडत होती. तेवढ्यात आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मनकर्णाने वळून पाहिलं. वरचा सगळा कापूस घसरून खड्ड्यावर आला होता.

"वच्छी त्यात हाय," ती कशीबशी म्हणाली.

दोघांनी हातांनी ढीग उपसला. पोर सापडली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. खुशालरावाने तिच्या तोंडातला कापूस बोटाने काढला, तिला पालथी करून पाठीवर थापट्या मारल्या. मनकर्णाला ठाऊक होते तेवढे देव आठवून झाले. शेवटी वच्छी खोकली आणि श्वास घेऊन रडू लागली.

मनकर्णाने तिला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. पोरीने बापाच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

"बाबा," ती हुंदके देत म्हणाली, "मले आईजवळ नका देऊ."