लसूणघासाची तिसरी पेरणी

गाईच्या चाऱ्यासाठी दुसऱ्यांदा पेरलेला लसूणघासही आडवा झाला, तेव्हा सत्यवतीबाईंनी पदर खोचला. विद्यानगरचं घर मुलाला देऊन त्या आणि नवरा एकनाथराव, दोघं म्हातारा-म्हातारी शहराबाहेर मेडचलच्या प्लॉटवर आली, तेव्हापासून त्यांचा जीव मंगळी गाईत अडकलेला. आणि गौतमने फोनवर बजावलं होतं, "आई, अजून एकदाच पेर. नाही आलं तर गाय गोशाळेत, बस!"

"नजर लागली," एकनाथराव म्हणाले.

"नजर मुळाशी लागत नसते," म्हणत बाईंनी रोप उपटलं. पानं हिरवीगार, पण मातीलगतचा देठ तपकिरी, लिबलिबीत, दोऱ्याएवढा बारीक. किडीनं कुरतडलं असतं तर तुकडा पडला असता. पाण्यावाचून गेलं असतं तर आधी पानं सुकली असती. त्यांनी मातीसकट रोप डब्यात घातलं आणि कृषी केंद्र गाठलं.

तिथल्या रसिका नावाच्या तरुणीनं भिंग लावून पाहिलं. "काकू, मातीतली बुरशी आहे. ओल हटली नाही की कोवळी रोपं खाते. पाणी कोण देतं?"

पाणी द्यायचे एकनाथराव. अर्धांगाचा झटका आल्यापासून एकनाथरावांचा उजवा हात लुळा. डाव्या हातात पाइप धरून दोन्ही वेळा वाफे भिजवायचे, वर ताजा शेणकाला ओतायचा, एवढंच काम त्यांना उरलेलं. अति तिथं माती! पण ते काढून घ्यायचं कसं?

तरी घरी येताच त्यांनी सांगून टाकलं. "अहो, तुमच्या पाण्यानंच घास मरतोय."

एकनाथराव जेवले नाहीत. बाईही हटल्या नाहीत. वाफे उंच केले, पाण्याला चर काढला, जुनं कुजलेलं खत घातलं, बियाण्याला केंद्रातली, बुरशी मारणारी ट्रायकोडर्माची भुकटी चोळून पेरलं.

रोपं वर आली, तसे एकनाथराव सवयीनं नळापाशी गेले. बाई आडव्या आल्या. "आधी बोट घालून बघा. ओल असेल तर नक्को."

त्यांनी वाकून मातीत बोट खुपसलं. मग डाव्या हातानं नळाची चावी काढून बायकोच्या हातात दिली. "हौ, ओली आहे. ही तुझ्यापाशीच ठेव. माझा हा हात ऐकत नाही, सारखा नळाकडेच जातो."

पहिल्या कापणीचा भारा त्यांनी स्वतः काखेत धरून मंगळीपुढे टाकला.

"गौतमला सांग, मी काही केलं नाही म्हणून घास आला," ते हसत म्हणाले.

सत्यवतीबाईंचे डोळे भरले. "ते न करणं तुम्हाला किती जड गेलं, तेही सांगते."