एकोणीस मिलिमीटर

मिलिमीटरांनी जमिनीवर पसरलेल्या जुन्या चादरीच्या चारही कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला, तिसरा कोपरा काटकोनात नाही म्हणून चादरीकडे नापसंतीने पाहिले, आणि गुडघ्यांवर बसून कात्री चालवली. कागदाचा साचा ठेवून एक तुकडा कापला. तोच साचा पुन्हा ठेवून दुसरा कापला. मग दोन्ही तुकडे शेजारी शेजारी मांडले आणि दोन पावले मागे सरून उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखे बघत राहिले.

बायको दारात उभी होती. तिच्या उजव्या अंगठ्याला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता.

"दोन्ही डावे आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. पायजम्याचे दोन्ही पाय डावेच कापलेत तुम्ही."

मिलिमीटरांनी खाली पाहिले. मग साच्याकडे पाहिले. साच्यावर तळाशी त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिले होते : उरलेला भाग याचप्रमाणे.

मिलिमीटर हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पूल बांधणाऱ्या एका कार्यालयात ते छत्तीस वर्षे नकाशे काढत होते. कुणी 'अंदाजे' म्हटले की त्यांची कपाळावरची शीर उडे. शिपायाने पाठीमागे ठेवलेले हे नाव पुढे साहेब तोंडावर घेऊ लागले, निवृत्तीच्या दिवशी भाषणांत इतक्यांदा आले की खरे नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरले होते. पूल दोन्ही बाजूंनी सारखा असतो. म्हणून शहाणा आरेखक अर्धाच पूल काढतो आणि खाली ते तीन शब्द लिहितो. मिलिमीटरांनी आयुष्यभर अर्धे पूल काढले आणि लोकांनी उरलेले अर्धे विश्वासाने बांधले. उरलेला अर्धा उलटा फिरवून बांधायचा असतो, एवढे बांधणाऱ्यांना कळत होते. कात्रीला कळले नाही.

"एक तुकडा उलटा केला की झालं," ते म्हणाले, आणि उलटा केला. चादर छापील होती. एका पायावर ठसठशीत फुले आली आणि दुसऱ्यावर फुलांची नुसती आठवण.

"वा!" बायको म्हणाली. "एक पाय सुलट, एक उलट. लोक विचारतील, जाताय की येताय?"

हा सगळा उपद्व्याप त्यांनी स्वतःच ओढवून घेतला होता. चाळीस वर्षे घरातला प्रत्येक पायजमा, गाऊन, झबले आणि उशीचा अभ्रा तिने शिवला होता. घरात घालायचे कपडे विकत आणणे हा त्या घरात आळशीपणाचा कळस मानला जाई. महिन्यापूर्वी अंगठ्याच्या सांध्याने संप पुकारला, आणि डॉक्टरांनी सांगितले, कात्री बंद, मशीनही बंद. ती घरी आली आणि दूध संपलेय असे सांगावे तशा आवाजात म्हणाली, "मशीन धाकटीला देऊन टाकू. इथे नुसतं गंजेल." रविवारी धाकटी बहीण टेम्पो घेऊन येणार हेही ठरले. मग तिने मशीन पुसले. तासाभराने पुन्हा पुसले. वर चादर घातली, आणि त्या दिवसापासून त्या खोलीतून जाताना ती भिंतीकडे तोंड करून जाऊ लागली.

हे मिलिमीटरांच्या लक्षात आले. दुसरा कुणी असता तर तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला असता. मिलिमीटरांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "मशीन कशाला द्यायचं? मी शिवीन. पायजम्यात आहे काय? चार सरळ रेषा."

चाळीस वर्षांच्या कामाचे हे मूल्यमापन तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "रविवारपर्यंत घालण्याजोगा एक पायजमा करून दाखवा. झाला तर मशीन राहील. नाही तर टेम्पोत चढेल."

दोन डाव्या पायांचा दिवस बुधवारचा होता.

शुक्रवारी त्यांनी धोरण बदलले. शोध लावत बसण्यापेक्षा सिद्ध झालेली वस्तू मोजावी, असे म्हणून स्वतःचा एक जुना पायजमा घेतला, ब्लेडने टीप न् टीप उसवली आणि डाव्या पायावर उजवा पाय ठेवला. वरच्या कडा जुळल्या. खालच्या जुळेनात. त्यांनी पट्टी लावली. मग कपाट उघडले आणि एकेक करत उरलेले सहा पायजमे जमिनीवर आणले.

"अगं, जरा इकडे ये." कंत्राटदाराला बोलावताना ते हाच आवाज वापरत.

ती ओले हात पुसत आली. "काय झालं? पुन्हा दोन डावे?"

"या वेळी चूक माझी नाही. बघ. डावा पाय आखूड आहे. एकोणीस मिलिमीटर."

"पाऊण इंच," ती म्हणाली.

"एकोणीस पूर्णांक शून्य पाच म्हणजे पाऊण इंच."

"तेच ते."

"तेच कसं? बरं, ते जाऊ दे. एखादा पायजमा चुकला असता तर मी बोललोही नसतो. पण सातही? सात वेळा तीच चूक आणि तेवढीच चूक! चुकण्यात इतकी अचूकता मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

बायकोने जमिनीवरच्या पायजम्यांकडे पाहिले, मग त्यांच्या अनवाणी पायांकडे, मग खिडकीबाहेर.

"घाईत राहून गेलं असेल," ती म्हणाली.

"सात वेळा?"

"घाई काय, रोजचीच असते."

"होतं असं," मिलिमीटर मोठ्या मनाने म्हणाले. चूक सापडली की त्यांचा स्वभाव फार प्रेमळ होत असे. "मी दुरुस्त करून घेतो. दोन्ही पाय उजव्याच्या मापाने कापतो."

"नको. आहे तसाच कापा."

"चूक डोळ्यांना दिसत असताना?"

"अहो, ऐका माझं. एवढ्या वेळी आहे तसा कापा."

"छत्तीस वर्षांत मी चुकलेला नकाशा पुढे पाठवला नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या घरात 'बरं' हा शब्द होकारासाठी क्वचितच वापरला जाई.

शनिवार मशीनवर गेला. पहिला तासभर मशीन पुढे चालायला तयार नव्हते, मग थांबायला. कापडाखाली दोऱ्याचे असे घरटे झाले की चिमणीने भाडे देऊन राहावे. मिलिमीटर ते कातरत बसले.

"बॉबिन उलटी बसवलीत," स्वयंपाकघरातून आवाज आला.

त्यांनी पाहिले. बॉबिन उलटी होती.

"तिथून कसं दिसलं?"

"दिसायला कशाला हवं? खडखडतंय की."

दुपारभर हे असेच चालले. तो दोरा ताणला गेलाय, सुई बोथट आहे, पाय हलका ठेवा, असे हुकूम भिंतीपलीकडून येत होते आणि मिलिमीटर ते पाळत होते. हळूहळू आवाज स्वयंपाकघरातून दारापर्यंत आला. चार वाजता दारातून स्टुलापर्यंत. नेफा शिवून झाला तेव्हा ती त्यांच्या शेजारीच बसली होती, आणि नेफ्याला चारही बाजूंनी टीप मारून नाडी घालायला तोंडच ठेवलेले नाही, हे पाहून दोघेही इतके हसले की शेजारीण काय झाले म्हणून विचारून गेली.

रविवारी अकरा वाजता मेहुणी आली. जिना चढतानाच तिचा आवाज आधी घरात आला, मग ती, मग तिच्या खांद्यावरचा दोर.

"टेम्पो खाली उभा आहे हो, ताई! भाऊजी कुठायत? दाखवा म्हणावं तुमचा पूल!"

मिलिमीटर आतल्या खोलीतून बाहेर आले. फिकट निळ्या रेघांचा नवा पायजमा. रेघा ओळंबा लावल्यासारख्या सरळ खाली उतरल्या होत्या. मेहुणीने दोर खाली ठेवला.

"अगंबाई! शिवला की गं खरंच!"

बायको जमिनीकडे बघत होती.

मिलिमीटरांनी हात मागे बांधून खोलीत एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत त्यांचा डावा पाय स्वतःच्याच पायजम्याच्या मोहरीवर पडला, आणि कपाट जागच्या जागी होते म्हणून ते उभे राहिले.

"भाऊजी," मेहुणी म्हणाली, "उजवा पाय चालतोय आणि डावा झाडू मारतोय."

"अशक्य."

"अहो, लोळतोय ना जमिनीवर!"

"दोन्ही पाय सारखे आहेत. मोज." त्यांनी टेप तिच्या हातात दिली. मेहुणीने कमरेपासून खालपर्यंत एक बाजू मोजली, मग दुसरी. दोन्ही तंतोतंत सारख्या निघाल्या. ती चक्रावली. नाडी एकीकडे ओढली गेली असेल म्हणून मिलिमीटरांनी नाडी सोडून पुन्हा बांधली. फरक पडला नाही.

"मग जमीन," ते म्हणाले.

कपाटातून पाणसळ आणून त्यांनी ती फरशीवर ठेवली आणि गाल जमिनीला टेकवून आतला बुडबुडा पाहिला. तो बरोबर मधोमध उभा होता. त्यांनी पाणसळ आडवी फिरवली. बुडबुडा हलला नाही. त्यांनी त्याला वेळ दिला. तरीही नाही.

मिलिमीटर उठून फरशीवरच बसले. पाठ भिंतीला टेकली, दोन्ही पाय समोर सरळ पसरले आणि टाचांकडे पाहिले. उजवी टाच डावीच्या थोडी पुढे होती. किती पुढे, ते बघायला त्यांना टेप लागली नाही.

कार्यालयात घालायच्या पँटी बाहेरचा शिंपी शिवायचा. मोहरी मात्र बायको त्याला दुमडू द्यायची नाही. तशीच उघडी ठेवून घरी आणायची आणि रात्री स्वतः दुमडायची. शिंप्यांना दुमड नीट जमत नाही, असे तिचे म्हणणे होते. मिलिमीटरांनी यावरून तिची थट्टाही केली होती, चारचौघांत.

त्यांनी मान वर केली. मेहुणीही त्यांच्या टाचांकडेच बघत होती.

"अय्या, भाऊजी, तुमचा पाय—"

"कापडच तसलं आहे," बायको म्हणाली.

"काय?"

"हे कापड डाव्या अंगाला लोंबतं. मला माहीत आहे ना. मी नेहमी पाऊण इंच आत घेते. ह्यांना सांगायचं राहिलं."

मेहुणी स्वतः पंचवीस वर्षे शिवत होती, पण डावेउजवे कळणारे कापड तिला अजून भेटले नव्हते. तिने बहिणीकडे पाहिले. बहिणीची ती नजर तिला लहानपणापासून ओळखीची होती, आणि त्या नजरेपुढे कधीही काही चालले नव्हते. तिने हातातली टेप गुंडाळायला घेतली.

आता मिलिमीटरांनी बोलायचे होते. ते पाणसळ हातात फिरवत होते. बुडबुडा इकडून तिकडे धावत होता.

"हो," ते अखेर म्हणाले. "असतात काही कापडं तशी."

मग मेहुणीने घसा साफ केला. "म्हणजे... हा घालण्याजोगा धरायचा की नाही? खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय."

"एक मोहरी उसवून दुमडायची आहे," बायको म्हणाली. "दहा मिनिटांचं काम. रविवार अजून आहे की."

"आणि मी? रिकाम्या टेम्पोत एकटी बसून जाऊ? लोकांना वाटेल, मलाच कुठंतरी पोचवायला चाललेत!"

"जेवून जा. त्याला पाठवून दे."

मेहुणी दोर उचलून कुरकुरत जिना उतरली. तिचा आवाज बराच वेळ मागे रेंगाळला. मिलिमीटर कपडे बदलून मशीनपाशी बसले आणि मोहरी उसवू लागले. बायकोने डाव्या हातात खडू धरून, काही न मोजता, कापडावर एक रेघ ओढली. त्यांनी त्या रेघेवर दुमड घातली आणि टीप मारली.

दुपारी मेहुणी गेल्यावर बायकोने कपाटाच्या तळातून एक घडी काढली. बारीक ठिपक्यांचे सुती कापड होते. घड्यांच्या रेषा पिवळट पडल्या होत्या.

"हे केव्हाचं पडून आहे. माझा घरातला गाऊन विरलाय. बघा जमलं तर."

"माप?"

"घ्या की."

घरातल्या सगळ्यांची मापे ती नजरेने घेई. तिचे माप घ्यायची वेळ कुणावर कधी आली नव्हती. मिलिमीटरांनी चष्मा पुसला, कागद मांडला आणि टेप उलगडली. पाठ झाली. बाही झाली. मग ते तिच्या मागे उभे राहिले आणि डाव्या खांद्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडली, मग उजव्या. खाली वाकून आकडा वाचला आणि वाकलेलेच राहिले. मशीनवर चाळीस वर्षे झुकलेला तो उजवा खांदा त्यांनी पुन्हा एकदा मोजला.

"काय झालं?" ती समोर बघत म्हणाली. "किती आले?"

"सारखे," मिलिमीटर म्हणाले. "दोन्ही खांदे अगदी सारखे आहेत."

आणि कागद तिला दिसणार नाही असा छातीशी धरून त्यांनी एकाखाली एक दोन आकडे लिहिले.