आठ ताटांचा डबा

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पाळणाघरात मुलांची वजनं व्हायची. खोलगट तबकाचा वजनकाटा मधल्या टेबलावर यायचा, त्यात धुतलेलं दुपटं अंथरलं जायचं आणि चाळीस मुलं एकामागून एक उघडीवाघडी होऊन त्यात बसायची. कुणी भोकाड पसरे, कुणी काट्याची सुई पकडायला जाई, कुणी दुपटं ओलं करून मोकळं होई. स्वयंपाकघरात गाजरं सोलता सोलता पळीमावशी नुसत्या आवाजावरून सांगू शके, आता कुणाची पाळी आली ते.

पळीमावशी हे नाव मुलांनीच ठेवलेलं. तिच्या हातात पळी नाही असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मावशी म्हणवून घ्यायचं तिचं तसं वयही नव्हतं. तिची स्वतःची पावणेदोन वर्षांची ठकी त्याच चाळिसांत एक होती. ठकीचं पोट गोल, मांड्यांना वळ्या, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्यांनी खिडकी लावून घ्यावी.

त्या मंगळवारी आवाज कमी आणि कुजबुज जास्त होती. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई आकडा वाचत, मूल उचलत, परत बसवत, परत वाचत. सलग दुसऱ्या महिन्यात बहुतेकांची वजनं जिथल्या तिथे होती. चौघं तर खाली गेली होती. वाढली होती फक्त ठकी, तीही चांगली पाव किलोने.

आयांची कुरकुर आधीपासून होतीच. जुळ्यांची आई टपालवाली होती, दिवसभर पायपीट करून संध्याकाळी मुलं न्यायला यायची. तिचं म्हणणं, घरी पोचल्यावर दोघं पावावर अशी तुटून पडतात की जणू दुष्काळातून सुटून आलीत. आता त्या कुरकुरीला आकडा मिळाला. संध्याकाळी दारात चपला घालता घालता कुणीतरी बोललंच, की कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण करायची कुणी. पळीमावशी तेव्हा ठकीला टोपडं घालत होती. तिने गाठ जरा जास्तच घट्ट मारली आणि ठकी ओरडली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला आत बोलावलं. चोरी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. बाई सभ्य होत्या. त्यांनी फक्त हिशोब मांडला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षानुवर्षं एक कागद होता: कोंबडीच्या मांसाचा एक डबा, आठ ताटं. चाळीस मुलांना पाच डबे. रोज सकाळी पाच डबे कोठीतून बाहेर येतात, दुपारी पाच रिकामे डबे मोजून कचऱ्यात जातात. यात कुठे चूक आहे का? नव्हती.

"मग डब्यातून ताटात जाताना मधे काय होतं," मोठ्या बाई म्हणाल्या, "ते तूच सांग."

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. घरच्या अडचणीमुळे काम सोडत आहे, असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. शनिवारी पालकांची बैठक होती. त्याआधी सही केली तर कुणी काही विचारणार नाही, वर चांगल्या वर्तणुकीचं पत्रही मिळेल. ठकीची जागा मात्र आईच्या कामाबरोबर जाईल, तसा नियमच होता.

ती विचार करते म्हणाली आणि बाहेर आली. पण तिच्या मनात सल होता तो वेगळाच.

डब्यातलं मांस सुरीने कापलं तर चुरतं, म्हणून ती ते दोऱ्याने कापायची. दोन बोटांना दोरा गुंडाळायचा, ताणायचा, आणि गोळ्यातून एकसारख्या आठ चकत्या उतरवायच्या. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गेले काही महिने आठवी चकती येईचना. आली तरी कागदासारखी. तिला वाटलं, आपलाच हात चळला. बाळंतपणानंतर तू वेंधळी झालीस, असं घरीदारी सगळे म्हणतच होते. मग ती चकत्या पातळ करू लागली, बटाटे जास्त उकडू लागली, रस्सा वाढवू लागली, म्हणजे ताट भरल्यासारखं दिसावं. कुणाला बोलली नाही. आपल्याच हाताला चोर ठरवून तिने पाच महिने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.

आणि ठकीच्या बाळशाचं म्हणाल, तर त्याचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. ते सांगायची सोय नव्हती इतकंच. वर्षावरच्या मुलांचं अंगावरचं दूध तोडलेलं असावं, नाहीतर ती दिवसभर रडतात, अशी पाळणाघराची अट होती. अर्जात तिने 'तोडलं' असं लिहून दिलं होतं. अर्जात तुटलं होतं. ठकीला कुणी कळवलं नव्हतं. सकाळी निघायच्या आधी आणि संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या, पायातली चप्पल काढायच्या आत, ठकीला तिचा हक्क लागे.

त्या संध्याकाळीही तसंच झालं. ठकी मांडीवर, एक हात आईच्या कानाच्या पाळीशी चाळा करतोय, आणि आई सासूबाईंना सगळं सांगतेय. तिची अपेक्षा, आता बोलणी बसणार. सासूबाईंची जीभ त्यांच्या कात्रीसारखीच होती. तीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात त्यांनी सदरे कापले होते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कारखान्यातली एक गोष्ट काढली. एकदा आठवडाभर सगळ्या कॉलरी आखूड येऊ लागल्या. मुकादमाने कापणाऱ्या बाईला घरी पाठवलं. पुढच्या बाईच्या हातूनही आखूडच. तिसरी म्हणजे सासूबाई. त्यांनी कापडाला हातच लावला नाही, आधी टेप उलगडली. टेपेचं टोक झिजलं म्हणून कुणीतरी दोन बोटं कापून टाकलं होतं, आणि सगळ्याजणी निमूट तिथूनच मोजत होत्या.

"माणसं कापणारीच्या हातावर जातात," त्या म्हणाल्या. "टेप कुणी बघत नाही. तू सहीबिही काही करू नकोस. आधी टेप बघ."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पाळणाघरात पोचली, आणि मोठ्या बाई आल्या आल्या कोठी झाडायची म्हणून तिने किल्ली मागून घेतली. पळ्या-उलथणी ठेवायला तिने दोन वर्षांपूर्वीचा एक रिकामा डबा ठेवला होता. तो धुऊन तिने कोठीतल्या नव्या डब्याशेजारी मांडला. उंची तीच, घेर तोच, तेच पिवळं लेबल, त्यावर तोच हसरा कोंबडा. मग तिने दोन्ही डबे उलटे केले. जुन्याचा तळ सपाट होता. नव्याचा तळ आत दाबलेला, वाटीसारखा; त्यात तिचा अंगठा पेरापर्यंत बुडाला. तिने लेबलाची कड खिडकीच्या उजेडात धरली. जुन्यावर चारशे ग्रॅम. नव्यावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तीनशेवीस.

पाचवा हिस्सा गायब, आणि कोंबडा आपला हसतोय.

मग तिने कोठीच पालथी घातली. बिस्किटांच्या पुड्यात मधोमध प्लॅस्टिकचा साचा आला होता आणि साच्याच्या भिंतींनीच चार बिस्किटांची जागा खाल्ली होती. ओट्सच्या पिशवीत वरचा वीतभर भाग नुसती हवा होती. हात धुवायच्या साबणालासुद्धा कंबर आली होती. तिला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. तिचा हात चुकलाच नव्हता. पाच महिने तो बिचारा आठ चकत्या मागत होता आणि डब्यात सहाच्या वर काही नव्हतं.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून दोन्ही डबे बघितले. मग तो टाइप केलेला कागद काढून त्याचे चार तुकडे केले आणि म्हणाल्या, की बरं झालं बाई, तुझ्यावरचं बालंट टळलं. पळीमावशीने श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत बाई पुढचं बोलल्या. शनिवारी यातलं काही काढायचं नाही. भिंतीवरचा कागद विश्वस्तांनी मंजूर केलेला आहे, जादा डबे पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नाहीत. पालकांना कळलं तर आधी हेच विचारतील की इतके महिने तुमचं लक्ष कुठे होतं. लोक महिन्याभरात विसरतात.

"तोपर्यंत," त्या म्हणाल्या, "बटाटे वाढव थोडे."

तिची नोकरी तिला परत मिळाली होती, आणि त्याच दमात चाळीस ताटं गेली होती. शिवाय दारात चपला घालताना जे बोललं गेलं होतं ते तसंच लोंबकळत राहणार होतं. ती स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस तिने बटाटे उकडले. प्रत्येक बटाट्याची साल काढताना तिला आपलंच काहीतरी सोलतोय असं वाटत राहिलं.

शनिवारी पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. मोठ्या बाई हवामानाबद्दल, दात येण्याबद्दल, मुलांच्या वाढीत असे टप्पे येतात त्याबद्दल बोलत होत्या. स्वयंपाकघराचं दार ढकलून पळीमावशी आली. एका काखेत वजनकाटा, दुसऱ्या हातात पिशवी. काटा तिने मधल्या टेबलावर ठेवला.

"आज वजनाचा दिवस नाही," मोठ्या बाई सांभाळून म्हणाल्या.

"मुलांचा नाही, बाई. डब्याचा आहे."

तिने काट्यावर ताटली ठेवली, सुई शून्यावर आणली, सगळ्यांसमोर नवा डबा उघडला आणि ताटलीत उपडा केला. थरथरत्या जेलीसकट गोळा बाहेर आला. मागच्यांना दिसावं म्हणून टपालवाली उठून उभी राहिली. सुई तीनशेवीसवर थांबली. चमच्याने जेली काढल्यावर ती तीनशेच्याही खाली उतरली. जुना डबा शेजारी ठेवून तिने लेबलावरचा आकडा वाचून दाखवला. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या हातात पळी नाही आणि हातांचं काय करावं ते सुचत नाहीये. ते तिने टेबलावर टेकवले.

"मी मांस चोरलं नाही," ती म्हणाली. "पण ताटं मीच पातळ केली. चकती पुरेना तेव्हा मी बटाटे आणि पाणी घातलं, आणि गप्प बसले. मला वाटलं माझा हात चुकतोय. ते माझं चुकलं. आणि माझी पोर वाढते कारण ती अजून अंगावर पिते. अर्जात मी खोटं लिहिलं. त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पण या डब्यात आठ ताटं नाहीत. उद्याही नसतील."

खुर्च्या करकरल्या. मोठ्या बाई वहीकडे बघत राहिल्या. टपालवाली पुढे आली. तिचा चेहरा काही मवाळ नव्हता.

"किती महिने बटाटे?"

"पाच."

"माझ्या दोघांना पाच महिने," टपालवाली म्हणाली, आणि पळीमावशीने मान खाली घातली नाही. तिला ते जड गेलं, पण तिने ती घातली नाही. टपालवालीने नवा डबा उचलला, उलटा केला, तळाच्या खळग्यात अंगठा घालून पाहिला आणि शेजारच्याच्या हातात दिला. त्यानेही अंगठा घातला. डबा खुर्चीखुर्चीवरून फिरला. प्रत्येकाचा अंगठा बुडत होता. एक बाप म्हणाला, की आमच्या घरच्या साबणाचंही असंच पोट खपाटीला गेलंय आणि मी बायकोला बोलत होतो, इतका घासतेस कशाला. त्याची बायको शेजारीच होती. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की चारदोन जण हसले. मागून कुणीतरी सांगितलं, की अंगावर पिण्याचंच म्हणाल तर आमचाही पितो, आणि अर्ज आम्हीही काही खरा भरला नव्हता. यावर जरा जास्त हसू झालं, आणि पळीमावशीला आपले कान तापल्याचं जाणवलं.

बैठक मोडताना पालकांनी विश्वस्तांना पत्र लिहायचं ठरवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, पत्रावर विचार व्हायला महिना लागतो. तोवर भिंतीवरचा कागद आहे तसा राहील.

सोमवारी सकाळी कोठीच्या खिडकीत पाच डबे आले.

पळीमावशीने बटाटे चढवले, नेहमीइतकेच, जुन्या दिवसांतल्याइतके. गाजरं चिरली. पाव कापले. मग ओटा पुसला, हात पुसले आणि डब्यांसमोर स्टूल ओढून बसली. साडेअकरा झाले. बाहेर मुलं बाकांवर बसवली जात होती, चमचे आपटायला सुरुवात झाली होती, आणि त्यात ठकीचा चमचा सगळ्यांत जोरात होता. मोठ्या बाई दारात आल्या. डबे बंद का, असं त्यांनी विचारलं.

"पाच उघडले की पाचच राहतील," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "सात लागतात."

बाईंनी तिला समजावलं. मग धाक घातला. मग पोरं उपाशी राहतील त्याचं पाप तुझ्या माथी, असंही म्हणून पाहिलं. बाहेरचे चमचे पळीमावशीलाही ऐकू येत होते. पण ती म्हणाली, की उपाशी तर पोरं पाच महिने होती, बाई. आज फक्त आवाज करतायत.

मोठ्या बाई उभ्याच होत्या. चमच्यांना आता ताल आला होता. शेवटी त्या वळल्या, कमरेची किल्ली काढली आणि कोठीत गेल्या. परत आल्या तेव्हा दोन्ही हातांत एकेक डबा होता. ते त्यांनी ओट्यावर जरा आदळूनच ठेवले.

"विश्वस्तांना काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा."

"आणि पुढच्या महिन्यात डबा अजून आटला, तर?"

पळीमावशी स्टुलावरून उठली होती, पहिल्या डब्याला ओपनर लागलाही होता.

"तर आठ काढा," ती म्हणाली.